तलाकचा दावा आणि वकिलाची फी : आदिलाबाद जिल्ह्यातील मुस्लीम महिलांसाठी उपलब्ध मार्ग

तलाकची चर्चा आपल्या समाजात बहुधा शरीअत आणि राज्यघटना यांच्या संदर्भात होते. तलाकपीडित स्त्रीपुढचा पहिला प्रश्न मात्र त्याहून साधा असतो : वकिलाची फी कोठून आणायची? पैसा नसल्याने मेहर आणि पोटगीचा हक्क सोडून मिळेल त्या रकमेवर तडजोड करण्याची वेळ तिच्यावर येते. हा खर्च भागविण्याचे दोन कायदेशीर मार्ग स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) मोफत विधी सेवा
१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. गरिबीमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्यात आहे. त्यानुसार १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत विधी सेवेचा हक्क आहे. तिचे उत्पन्न किती, हा प्रश्न येथे येत नाही. त्यामुळे वडील किंवा भाऊ कमावते आहेत, या कारणावरून तिला नकार देता येत नाही. पुरुषाला मात्र, तो अन्य पात्र गटात नसल्यास, राज्याने ठरविलेली उत्पन्नमर्यादा लागू होते.

या सेवेत वकिलाच्या फीबरोबरच कोर्ट फी, नोटीस बजावण्याचा खर्च, नकला आणि कागदपत्रांचे भाषांतर यांचाही समावेश होतो. घरी मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या स्त्रीला तेलुगू व इंग्रजी कागदपत्रांशी सामना करावा लागतो. तिला भाषांतराचा विशेष उपयोग आहे. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून स्वतंत्र पैसे घेणे नियमबाह्य आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

२) खर्चाची मागणी पतीकडून
पोटगीचे जुने कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च पतीने द्यावा, असा आदेश न्यायालय या कलमाखाली देऊ शकते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत या अर्जाचा निकाल व्हावा, अशी तरतूद आहे. ही मागणी पहिल्याच अर्जात लिहून करावी.

मुस्लीम स्त्रीला हे कलम लागू होते काय, हा वाद १९८५ च्या शाहबानो निकालापासून गाजला. १९८६ चा स्वतंत्र कायदा झाला. इद्दतच्या काळातच पतीने स्त्रीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद करावी, असा त्या कायद्याचा अर्थ दानियल लतीफी खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने लावला. पुढे तेलंगणातूनच गेलेल्या मोहम्मद अब्दुल समद खटल्यात १० जुलै २०२४ रोजी कलम १२५ चा मार्गही तलाकशुदा मुस्लीम स्त्रीला खुला असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या प्रकरणात तेलंगणा उच्च न्यायालयाने दरमहा १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरविली होती.

३) दावा कोठे करावा?
आदिलाबादच्या सीमेवरील गावांचे सोयरसंबंध यवतमाळ, नांदेड व चंद्रपूरपर्यंत आहेत. पोटगीसाठी पतीच्या गावीच जावे लागते असे नाही. पत्नी सध्या जेथे राहते, त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. माहेरी परतलेल्या स्त्रीचा प्रवासखर्च त्यामुळे वाचतो. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले. निर्मल, मंचिर्याल व कोमरम भीम आसिफाबाद येथील महिलांनी आपापल्या जिल्ह्यात चौकशी करावी.

समारोप
निकाहनामा, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि पतीच्या उत्पन्नाचा मिळेल तो पुरावा जपून ठेवावा. समझोत्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकदा तरी मोफत कायदेशीर सल्ला घ्यावा. हक्क कायद्यात असूनही तो माहीत नसल्यास त्याचा लाभ मिळत नाही. ही माहिती मोहल्ल्यापर्यंत पोहोचविणे हे जमातींचे व शिक्षणसंस्थांचेही कर्तव्य आहे.