खूणगांठीचा पत्ता

वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या गांवांचीं मुलें शिकून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरीस लागतात, आणि घरच्या विम्यापासून दुकानाच्या सवलतीपर्यंत सगळीकडे कचेरींतून मिळालेला ई-मेलचा पत्ता लिहून देतात. पुढें त्या पेटींत जाहिरातींची रीघ लागते, आणि पत्ता कोणीं बाहेर दिला हें कांहीं केल्या कळत नाहीं.

तें कळण्याची एक साधी युक्ति आहे. पूर्वीं परगांवीं शिकावयास राहिलेल्या मुलास पत्र घालतांना पाकिटावर ‘मार्फत अमुक’ असें लिहीत असत. पत्र मुलाचेंच, परंतु तें कोणाच्या दारावरून आलें हें पाकीटच सांगे. ई-मेलच्या पत्त्यांतही @ या चिन्हाच्या अलीकडे, नांवापुढें अधिक चिन्ह घालून एखादा शब्द जोडतां येतो. शरद नांवाचा गृहस्थ पुस्तकांच्या दुकानास ‘शरद+पुस्तक’ आणि विमेवाल्यास ‘शरद+विमा’ असा पत्ता देईल. पत्रें दोन्ही शरदच्याच पेटींत पडतात; मात्र उद्यां ‘शरद+पुस्तक’ या नांवावर कोणा कर्ज देणाराचें पत्र आलें, तर दुकानानें पत्ता विकला कीं तेथून चोरीस गेला, एवढाच प्रश्न उरतो.

कंपनीच्या टपाल-सर्व्हरवर ही सोय आपोआप असतेच असें नाहीं. पोस्टफिक्स या बहुप्रचलित प्रणालींत विभाजक चिन्ह कोणतें, हें व्यवस्थापकास एका ओळींत लिहावें लागतें. ती ओळ मुळांत कोरी असते, आणि तोंवर या नांवाचा कोणी येथें नाहीं म्हणून पत्र परत फिरतें. मायक्रोसॉफ्टच्या कंपन्यांसाठीं असलेल्या सेवेंत ही सोय २०२० सालीं आली. क्यूमेल ही जुनी प्रणाली अधिक चिन्हाऐवजीं आडवी रेघ वापरते, आणि आमच्या मतें तीच बरी. कारण कित्येक संकेतस्थळें अधिक चिन्ह पाहतांच पत्ता अशुद्ध ठरवितात. नियमाप्रमाणें तें चिन्ह सर्वस्वीं शुद्ध आहे. व्याकरण न शिकतां शुद्धलेखन तपासणाऱ्या परीक्षकांतलाच हा प्रकार!

तथापि खूणगांठ म्हणजे कुलूप नव्हे. चतुर चोर अधिक चिन्हापासूनचा भाग खोडून मूळ पत्ता सहज काढतो. याहून पक्का उपाय म्हणजे प्रत्येक कामास अगदीं निराळें नांव घेऊन, उपद्रव होतांच तें नांवच बंद करणें. ॲपलनें २०२१ सालीं आयक्लाउडच्या सशुल्क ग्राहकांस अशी सोय दिली. दहा मिनिटांपुरत्या फुकट पेट्याही मिळतात, परंतु त्यांतील कांहीं पेट्या कोणासही उघडून वाचतां येतात. तेथें बँकेचें पत्र मागविणें म्हणजे खातेंपुस्तक चव्हाट्यावर मांडणेंच होय.

आम्हांस खरी काळजी वाटते ती वेगळीच. पुरवण्या कितीही जोडल्या तरी पेटी कंपनीची. नोकरी सुटली कीं ती मिटते, आणि तिच्याबरोबर सर्व पुरवण्याही. मग वडिलांच्या विम्याचा हप्ता थकल्याची सूचना किंवा बँकेचा परवलीचा शब्द बदलण्याचें पत्र घरीं कोणाच्याच हातीं पडत नाहीं. यास्तव कंपनीच्या पत्त्यास पुरवण्या जोडावयाच्या त्या परिषदेची नोंदणी, माल पुरविणाऱ्यांचीं दरपत्रकें, अशा कंपनीच्याच कामापुरत्या. विमा, बँक, निवृत्तिवेतन यांसाठीं वडिलांच्या नांवें स्वतंत्र पेटी उघडावी, आणि तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून घरच्या कपाटांत, दागिन्यांच्या डब्याशेजारीं ठेवावा.