डोंगरनकाशातला वायव्येचा उजेड

सह्याद्रीचा छायांकित उठावनकाशा समोर ठेवला की कुणीतरी बोट ठेवून म्हणतंच, "उजेड वायव्येकडून? आपल्याकडे सूर्य तिथे येतो तरी का? नकाशा चुकलाय." मग दुरुस्ती म्हणून उजेड दक्षिणेकडून टाकला जातो. लगेच दऱ्या फुगून डोंगरधारा वाटू लागतात आणि धारा खचून दऱ्या!

सूर्याबद्दलचं निरीक्षण खरं आहे. वायव्येला, क्षितिजापासून ४५ अंशांवर, म्हणजे नकाशात उजेड जिथून धरतात तिथे, महाराष्ट्रात सूर्य वर्षातून एकदाही दिसत नाही. पण या नकाशात सूर्य नसतोच हो! उंचीची माहिती चौकटींच्या जाळीत मांडलेली असते; प्रत्येक चौकटीभोवतीच्या आठ चौकटींच्या उंचीवरून तिथला उतार किती आणि कुठल्या दिशेचा, हे काढतात. कल्पित दिव्याचा प्रकाश त्या उतारावर किती तिरपा पडेल, त्यावर करडी छटा ठरते. दिव्याची जागा ठरते ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. उजेड वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो, आणि नकाशात वर असते उत्तर. बिलांड आणि चोल्तेकिन यांनी २०१७ साली वाचकांवर चाचणी घेतली, तेव्हा वायव्येपेक्षाही उत्तरेकडे सरकलेली ३३७.५ अंशांची दिशा सरस ठरली.

वायव्येच्या उजेडाची खरी खोट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. हरिश्चंद्र-बालाघाटाची रांग स्वतःच वायव्येकडून आग्नेयेला जाते. उजेड रांगेच्या लांबीने येतो, दोन्ही अंगांवर जवळजवळ सारखा पडतो आणि एवढी मोठी रांग पुसट होते. तिथे अनेक दिशांचे उजेड मिसळावेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय फुकट मिळते.

असा छायांकित नकाशा म्हणजे उपग्रहाचा फोटोही नव्हे. नेहमी वापरात असलेली उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानावरच्या रडारने ११ दिवसांत गोळा केली. काळं म्हणजे खोल, असंही नाही. सपाट पठार आणि सपाट कोकणपट्टी एकाच छटेत येतात.

"३० मीटरच्या चौकटींची माहिती आहे, म्हणजे कडा बरोबर दिसणार" हे मात्र जिवावर बेतू शकतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा उभा कडा शेजारशेजारच्या चौकटींत पसरतो आणि नुसता तीव्र उतार वाटतो. तिथल्या नळीच्या वाटेने उतरायचं असेल, तर पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घ्या.