मुंबईमार्गे मोंबासा

करावे हे आगरी-कोळ्यांचे गाव आज नव्या मुंबईच्या सेक्टरांनी वेढून टाकले असले, तरी त्याची एक बाजू अद्याप खाडीचीच आहे. ठाण्याचे पाणी आणि पनवेलचे पाणी एकत्र होऊन मुंबईच्या बंदरात उतरते, ते याच परिसरात. जवळच बेलापूरचा पडका कोट आहे. तो जंजिऱ्याच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी सोळाव्या शतकात बांधला, १६८२ साली पोर्तुगीजांनी घेतला आणि १७३३ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने त्यांजकडून हस्तगत केला, अशी त्याची हकीकत सांगतात. आफ्रिकेचा माणूस या किनाऱ्याने पूर्वी पाहिला तो असा, किल्ल्यावरून हुकूम सोडताना. आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताकरविता झाला हे तर शाळकरी मुलासही ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात याच बंदरात जे आफ्रिकी लोक उतरले, त्यांच्या वाट्याला असे दैव आले नाही. त्यांना इंग्रजांनी मुक्त केले होते, आणि त्या मुक्ततेचा मोबदला त्यांच्याकडून कसकसा वसूल झाला, ते येथे पाहावयाचे आहे.

त्या काळी पूर्व आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार झांजीबारच्या सुलतानाच्या आश्रयाने चाले, हे खरे; परंतु तेथील लवंगेच्या बागा आणि हस्तिदंताच्या वखारी ज्या मागणीवर पोसल्या गेल्या, ती मागणी केवळ अरबांची नव्हती. लंडनमधील पियानोच्या पट्ट्यांस आणि बिलियर्डच्या चेंडूंस लागणारा हस्तिदंत मुंबईच्या बाजारातून जात असे, आणि तो खोल मुलखातून किनाऱ्यापर्यंत आणावयाचा तर माणसांच्या खांद्यांवरूनच आणावा लागे. झांजीबारचे कच्छी सावकार ब्रिटिश सरकारची प्रजा असूनही गुलाम बाळगीत, व १८६० च्या सुमारास तेथील कॉन्सल रिग्बी याला त्यांच्यावर सक्ती करून ते सोडवावे लागले. म्हणजे एका हाताने ज्या व्यापाराचे पोषण होत होते, तोच दुसऱ्या हाताने रोखण्याचे श्रेय साम्राज्य घेत होते. इंग्रजी आरमाराची जहाजे अरबांची गलबते धरीत, सुटका केलेल्या गुलामामागे खलाशांना सरकारी बक्षीस मिळे, आणि झांजीबारची वकिलात मुंबई सरकारच्या अखत्यारीत असल्याने या लोकांपैकी पुष्कळांची रवानगी मुंबईस होई. पुढे पोलीस त्यांना कोणा गृहस्थाच्या घरी चाकरीस ठेवीत किंवा मिशनच्या हवाली करीत. ज्या गावातून त्यांना पळवून आणले तेथे परत नेऊन पोचविणे फारसे कोणाच्या मनात आले नाही. आणि आले असते तरी अनेक पोरांना आपल्या गावाची दिशाही सांगता आली नसती.

१३ जून १८६४ रोजी, पावसाळा तोंडावर असताना, 'लेडी न्यासा' नावाची एक लहानशी आगबोट झांजीबारहून पंचेचाळीस दिवसांचा प्रवास करून मुंबईच्या बंदरात शिरली. तिचा कप्तान आफ्रिकेचा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन होता. बरोबर तीन युरोपियन, झांबेझीकाठचे सात आफ्रिकी आणि चुमा व विकातानी ही याओ जमातीची दोन मुले. बोट बांधावयास सहा हजार पौंड लागले होते, ती २,३०० ला गेली आणि तो पैसा ज्या बँकेत गुंतविला ती शेअरबाजाराच्या पडझडीत बुडाली. मुंबईच्या त्या सुप्रसिद्ध सट्ट्याने आफ्रिकेच्या संशोधनाचीही ठेव गिळली, असे म्हणावयास हरकत नाही. दोन्ही मुलांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवण्यात आले आणि चुमाचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला.

पण या कथेचे खरे ठाणे नाशिक होय. शरणपूर रस्त्यावरून दररोज जाणाऱ्या किती नाशिककरांना ठाऊक असेल कोण जाणे, पण हे नाव ज्या वस्तीवरून आले ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी १८५४-५५ च्या सुमारास वसविली, आणि काही वर्षांतच तेथे आफ्रिकी मुलांचे आश्रयस्थान सुरू झाले. मुले सुतारकाम, लोहारकाम शिकत, वाचावयास व प्रार्थना म्हणावयास शिकत. त्यांची नावे पाहिली की मिशनची हजेरीच वाचल्यासारखे वाटते: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरार. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरार हे मुंबई-नाशिककडचे पाद्री. त्यांची आडनावे याओ आणि इतर जमातींच्या पोरांना चिकटली. पुढे मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मुलाचे मूळ नाव चेंगविंबे होते. गुलामांच्या व्यापाऱ्याने त्याचे गाव हिरावले आणि मुक्तिदात्याने त्याचे नाव बदलले. दोन्ही कृत्यांचा दर्जा एक नव्हे. पण दोन्हींच्या वेळी त्याची संमती कोणी विचारली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

१८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन पुन्हा आफ्रिकेस निघाला तेव्हा त्याच्या काफिल्यात मुंबईचे शिपाई होते आणि नाशिकचे हे तरुणही होते. त्यांच्या आळसाविषयी व हट्टाविषयी त्याने कुरकूर केली आहे, आणि काही जण वाटेत सोडून गेले हेही खरे. पण ज्यांना मायदेशी परत नेतो म्हणून नेले, त्यांना ओझी वाहावयास लावून दलदलीतून वर्षानुवर्षे हिंडविले, तर त्यांनी उत्साहाने हिंडावे ही अपेक्षाच मुळी अवाजवी होती. १८७२ साली, लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या स्टॅनलीने त्याच्या मदतीस नव्या तुकडीत आणखी काही नाशिकची मुले धाडली. त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन मरण पावला. सोबत्यांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले. नाशिकात शिकलेल्या जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली. देह मीठ घालून उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन माणसे समुद्राकडे निघाली. वाटेत उन्यान्येंबे येथे भेटलेल्या कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्याने प्रेत तेथेच पुरा असे सुचविले. त्यांनी ते मानले नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यावरील बागामोयोस पोचले. तेथे त्यांचा पगार चुकता करून बहुतेकांना निरोप देण्यात आला. जेकबचे भाडे मिशनने भरले म्हणून तो १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत होता. ज्यांच्या पुढारीपणाखाली तो देह समुद्रापर्यंत आला ते चुमा आणि त्याचा सोबती सुसी दफनविधी आटोपल्यानंतर, एका खाजगी गृहस्थाच्या खर्चाने, विलायतेस पोचले.

त्याच सुमारास, पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रीअर यांनी झांजीबारला जाऊन वाटाघाटी केल्या, आणि १८७३ च्या जूनमध्ये सुलतानाशी गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह झाला. मुक्त गुलामांची वसाहत आफ्रिकेतच असावी अशी शिफारस फ्रीअर यांनी केली, आणि तदनुसार शरणपूरचेच प्राइससाहेब मोंबासाजवळ जागा घेऊन १८७५ पासून 'फ्रीअर टाऊन' वसवू लागले. नाशिकच्या सुमारे दीडशे आफ्रिकी स्त्रीपुरुषांना तेथे नेण्यात आले. त्यांना तेथे 'बाँबे आफ्रिकन' हे नाव पडले.

मायदेशी परतलेली ही माणसे तेथे परकीच होती. हिंदुस्थानी आणि इंग्रजी त्यांना अवगत, पण किनाऱ्याची स्वाहिली अनेकांना नव्याने शिकावी लागली. शिक्षक, उपदेशक, कारागीर म्हणून वसाहतीचा गाडा तेच ओढीत. परंतु वेतनाची व मानाची गोष्ट निघाली की मिशनचे गोरे अंमलदार त्यांना गर्विष्ठ ठरवीत. १८८०-८१ च्या सुमारास तेथील युरोपीय अधीक्षक वसाहतीतल्या लोकांना फटके मारतो अशा तक्रारी होऊन त्यांची चौकशी झाली. गुलामगिरीतून सोडविलेल्यांच्या गावात चाबूक असावा, याहून अधिक कडवे भाष्य कोणी करू शकेल असे वाटत नाही.

या मंडळींत मला सर्वाधिक लक्षणीय वाटतो तो विल्यम जोन्स. मोंबासापासून आतल्या बाजूस रबाई येथे तो फ्रीअर टाऊनच्याही आधीपासून काम करीत होता. १८८५ साली बिशप हॅनिंग्टनने त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा दिली आणि त्याच वर्षी युगांडाच्या मार्गावर नेले. हॅनिंग्टन पुढे गेला आणि मारला गेला, उरलेल्या लोकांना घेऊन जोन्स परत आला. किनाऱ्यावरच्या मालकांपासून पळालेले गुलाम रबाईस येऊन राहत. मिशनचा नियम त्यांना आसरा देण्याविरुद्ध होता, परंतु जोन्सच्या कारकिर्दीत त्यांची वस्ती वाढतच गेली आणि मालक लोक हत्यारे घेऊन येण्याच्या गोष्टी बोलू लागले. १८८८ साली सनद मिळालेल्या इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीस किनाऱ्यावर आपला अंमल बसवावयाचा होता; दंगा तिला परवडणारा नव्हता. तिच्या कारभाऱ्याने मालकांशी तडजोड केली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे पळपुट्यांना मुक्तीचे कागद देण्यात आले. माणशी ठरलेली रक्कम मालकांना मिळाली. गुलामांना त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फुकट श्रमाबद्दल एक कवडीही मिळाली नाही, आणि १८९५ साली तो मुलूख कंपनीकडून सरकारने आपल्या ताब्यात घेतल्यावरही किनाऱ्यावरची गुलामगिरी कायद्याने बंद व्हावयास १९०७ साल उजाडावे लागले.