श्रद्धा, शास्त्र आणि अधिकार : टिळक आणि रमाबाई



पाळकाला स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण केले की तो उपदेश करील, अशी श्रोत्यांना धास्ती वाटते. आज मी उपदेश करणार नाही. मला आयुष्यभर विचारल्या गेलेल्या दोन प्रश्नांविषयी बोलणार आहे. मंडळीबाहेरचे विचारतात, ‘ख्रिस्ती झाल्यावर माणूस मराठी उरतो काय?’ मंडळीतले विचारतात, ‘पवित्र शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा?’ हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असे मला वाटू लागले आहे.

नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडी गोंदियावरून जाते. बालाघाटकरांना हा मार्ग परका नाही. १८९३ च्या सुमारास याच मार्गावर एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने नारायण वामन टिळकांशी संभाषण केले आणि निघताना त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक तेव्हा कवी म्हणून ओळखले जात होते. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. तो प्रवासी कोण होता, हे त्यांना पुढे कधीच कळले नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्या श्रद्धेच्या मुळाशी कोणी बिशप नव्हता, मिशन नव्हते; एक पुस्तक होते आणि ते वाचणारे एक मन होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून.

त्याआधी बारा वर्षे, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. तेथील भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो प्रत्येक पाळकाने वाचावा असा आहे. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे : मी ख्रिस्ताला शरण आले आहे, चर्चच्या अधिकाऱ्यांना नाही, शास्त्र वाचून माझ्या विवेकाला जे पटेल तेच मी मानीन. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही प्रश्न त्यांनी केला. ब्राह्मणांना संस्कृताचे जे वेड, तेच तुम्हांला लॅटिनचे आहे काय, असा त्यातला रोख होता. हे विचारण्यास मोठे धैर्य हवे होते, कारण परक्या देशात त्यांचा आणि त्यांच्या लहान मुलीचा सारा आधार त्याच भगिनींचा होता.

येथवर दोघांची वाट एक दिसते. भाषेपाशी मात्र ती फुटते.

टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. अभंग, ओवी, कीर्तन हे त्यांनी उपासनेत आणले. महाराष्ट्राला त्यात अगदीच नवे काही नव्हते. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले होते. रमाबाई उलट दिशेने गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतप्रचुर, पुराणांचा वास असलेले शब्द टाळून अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. लहानपणापासून पुराणे सांगत देशभर हिंडलेल्या या विदुषीला संस्कृताचे वैभव ठाऊक होते, आणि त्या वैभवाने कोणाला दाराबाहेर ठेवले तेही ठाऊक होते.

मला स्वतःला टिळकांचे अभंग प्रिय आहेत, हे लपवीत नाही. तरी रमाबाईंची शंका मला सोडत नाही. संस्कृती आपली म्हणताना ती कोणाची, हे विचारावे लागते. या जिल्ह्यात हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी शेजारी नांदतात. गोंडी बोलणाऱ्या आजीला अभंगही पाहुणाच वाटेल. शास्त्राचा अधिकार मानायचा, तर ते तिच्या बोलीत पोचवण्याचे ओझेही मानावे लागते. नाहीतर तो अधिकार शास्त्राचा राहत नाही, अर्थ सांगणाऱ्याचा होतो. त्या मोहातून पाळकही सुटत नाही, मीही नाही.

टिळकांनी अधिकाराचा प्रश्न अखेरीस आपल्या परीने सोडवला. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून ते संन्यासी झाले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. पुष्कळ सहकाऱ्यांना ते पटणे कठीण होते. बाप्तिस्म्याविना मंडळी कशी, हा त्यांचा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. मीही तो घेतला असता. प्रयोगाला पुरेसा अवधीच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. उरलेले लक्ष्मीबाईंनी रचले. पतीने धर्म बदलला तेव्हा त्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या होत्या, आणि परत आल्यावरही सोवळे सांभाळण्यासाठी त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता.