छायाचित्रे सर्व्हरवर जतन का होत नाहीत?

शैक्षणिक सहलीत घेतलेली छायाचित्रे ही केवळ हौसेची वस्तू नव्हे. इतिहास व परिसर-अभ्यास शिकविताना ती उत्तम साधन ठरतात. म्हणून ती एकाच शिक्षकाच्या भ्रमणध्वनीत पडून न राहता शाळेच्या सामाईक सर्व्हरवर असावीत, हे योग्यच आहे. परंतु ती तेथे ठेवू जाता संगणक अनेकदा ‘परवानगी नाही’ असा शेरा देऊन काम अडवितो. अशा वेळी काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. तो माझ्या प्रत्यक्ष पाहण्यातील आहे. एका शाळेची सहल मुंबई उपनगरातील जोगेश्वरीची लेणी पाहून आली. सहाव्या शतकातील या शैव लेण्याची, तेथील स्तंभांची व झिजलेल्या शिल्पांची छायाचित्रे मुलांनी मोठ्या आस्थेने घेतली होती. शिक्षक ती सर्व्हरवर ठेवू लागले, तेव्हा सर्व्हरने नकार दिला. दोन तास खटपट केल्यावर कोणीतरी कंटाळून त्या फोल्डरच्या सर्व परवानग्या सर्वांस खुल्या करून टाकल्या. छायाचित्रे तत्काळ जतन झाली व सर्वांस हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने संगणकावरील पसारा आवरताना ते फोल्डरच पुसून टाकले. भ्रमणध्वनीतील मूळ छायाचित्रे आदल्या सायंकाळीच काढून टाकलेली होती. सहल काही पुन्हा निघाली नाही.

यात दोष त्या मुलाचा नव्हता. ज्यास पुसण्याचा अधिकार असण्याचे कारण नव्हते, त्यास तो मिळाला होता.

परवानगी म्हणजे काय, हे त्या लेण्याच्याच उदाहरणाने समजून घेता येईल. जोगेश्वरीच्या लेण्यात पायऱ्या उतरून, एकामागून एक द्वारे ओलांडून मंडपात जावे लागते. मंडपाच्या मध्यभागी चार दारांचे गर्भगृह आहे. बाहेरचे द्वार उघडे आणि आतले बंद असेल, तर आपण आत पोहोचणार नाही. आतले उघडे आणि बाहेरचे बंद असेल, तरीही नाही. सर्व्हरचेही तसेच आहे.

विंडोज पद्धतीच्या सर्व्हरवर अशी दोन द्वारे असतात. पहिले द्वार म्हणजे नेटवर्कवरून त्या सामाईक फोल्डरात येण्याची परवानगी. दुसरे द्वार म्हणजे खुद्द फोल्डर व फाइल यांवरील परवानगी. या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल, तीच अमलात येते. पहिल्या द्वारी केवळ ‘वाचणे’ एवढीच मुभा असेल, तर दुसऱ्या द्वारी लिहिण्याचा पूर्ण अधिकार असूनही उपयोग होत नाही. छायाचित्रे दिसतात, उघडतात, पण नवे छायाचित्र ठेवता येत नाही, असा अनुभव आल्यास प्रथम हेच द्वार तपासावे. वर सांगितलेल्या शाळेतही मूळ अडचण एवढीच होती. सर्व द्वारे मोडण्याऐवजी पहिल्या द्वारी शिक्षकांच्या गटास लिहिण्याची मुभा दिली असती, तर काम भागले असते.

लिनक्स पद्धतीच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलीच्या संदर्भात तीन प्रकारचे लोक मानलेले असतात: मालक, गट आणि इतर. प्रत्येकास वाचणे, लिहिणे व चालविणे हे तीन अधिकार देता येतात. त्यांचे अंक अनुक्रमे ४, २ व १ असे असून त्यांची बेरीज करून परवानगी लिहितात. ६४० याचा अर्थ मालकास वाचणे व लिहिणे (४+२), गटास केवळ वाचणे (४) आणि इतरांस काहीच नाही (०). फोल्डरच्या बाबतीत ‘चालविणे’ याचा अर्थ आत प्रवेश करणे असा होतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फाइल पुसता येणे हे त्या फाइलीच्या नव्हे, तर ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरच्या लिहिण्याच्या परवानगीवर अवलंबून असते. म्हणून ७७७ हा अंक, म्हणजे सर्वांस सर्व अधिकार, सोयीचा भासला तरी टाळावा. शिक्षकांच्या सामाईक फोल्डरास ७७० पुरेसा होतो. मात्र फोल्डरचा गट शिक्षकांचाच आहे, याची खात्री करून घ्यावी.

आता दोष शोधण्याचा क्रम पाहू.

१. शेरा संपूर्ण वाचून कागदावर उतरवून घ्यावा. ‘जागा अपुरी आहे’ आणि ‘परवानगी नाही’ हे निराळे रोग असून त्यांचे उपायही निराळे आहेत.

२. तेच छायाचित्र आपल्याच संगणकावर जतन करून पाहावे. तेथेही ते होत नसेल, तर दोष सर्व्हरचा नव्हे.

३. फाइलीचे नाव पाहावे. आपण सवयीने तारीख तिरप्या रेघा देऊन लिहितो. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ, अपूर्णविराम वा प्रश्नचिन्ह चालत नाही. ‘जोगेश्वरी-सहल-०१’ असे साधे नाव द्यावे.

४. त्याच फोल्डरात एक लहानशी मजकुराची फाइल ठेवून पाहावी, व मग ती पुसून पाहावी. चित्रे सुधारण्याचे काही कार्यक्रम आधी तात्पुरती फाइल निर्माण करून मग जुनी काढून टाकतात. त्यांस दोन्ही अधिकार लागतात.

५. आपण कोणत्या नावाने सर्व्हरवर प्रवेश केला आहे, ते पाहावे. आदल्या शिक्षकाचे नाव संगणकाने स्मरणात ठेवलेले असणे, हे नित्याचे कारण आहे. गटात नव्याने नाव घातले असल्यास एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. त्याशिवाय नवा अधिकार लागू होत नाही.

६. हे सर्व ठीक असेल, तर दोन्ही द्वारांच्या परवानग्या व्यवस्थापकाकडून तपासून घ्याव्यात.

शाळेच्या संकेतस्थळावर छायाचित्र चढविताना आणखी एक भेद असतो. तेथे फाइल प्रत्यक्षात शिक्षक लिहीत नसून सर्व्हरवरील कार्यक्रम स्वतःच्या नावाने लिहितो. म्हणून परवानगी त्या कार्यक्रमाच्या नावास, आणि तीही केवळ चित्रांच्या फोल्डरापुरती द्यावी.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. सहलीच्या छायाचित्रांत लेणी असतात, तशी आपली मुलेही असतात. त्यांचे चेहरे कोणी पाहावेत, याची जबाबदारी पालकांनी विश्वासाने आपल्यावर सोपविली आहे. सर्वांस खुले केलेले फोल्डर हा त्या विश्वासाचा भंग होय. तरी सर्व शिक्षकबंधुभगिनींनी कोणते द्वार बंद आहे ते आधी शोधावे, ज्याचे काम आहे त्यासच त्या द्वाराची किल्ली द्यावी, आणि सर्व्हरवरील प्रत उघडून पाहिल्याशिवाय व तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवल्याशिवाय मूळ छायाचित्रे पुसू नयेत.