जुन्या ग्राफिक्स कार्डाला जोडी घ्यावी, की थांबावं?

मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधला एक पोरगा दुकानात आला. माजरी, भद्रावती, वरोरा या पट्ट्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्या पीसीत जीटीएक्स 970 आहे. नागपूरला तसंच अजून एक सेकंडहँड कार्ड साडेसहा हजारात मिळत होतं. म्हणाला, "सर, दोन जोडले तर 8 जीबी होईल ना? काम डबल स्पीडनं होईल." टोकन पाठवायला मोबाईल उघडूनच बसला होता.

म्हटलं, थांब रे बाप्पा, आधी चहा घे.

कारण मी स्वतः हे करून बसलोय. दुकान नवीन होतं, हातात पैसे कमी, म्हणून जुनी दोन कार्डं लावली. पॉवर सप्लाय मात्र तोच, साधा. मे महिना, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. एका लग्नाचं रेंडर अर्ध्यात असताना पीसी बंद. सप्लाय गेला, डिलिव्हरी 4 दिवस लांबली, पार्टीनं 3 हजार कापले. वाचवलेले पैसे तिथेच गेले.

आता मुद्द्याचं बघा. 4 जीबीची दोन कार्डं लावली तरी 8 जीबी होत नाही. प्रत्येक कार्डाला स्वतःच्या मेमरीत सगळा डेटा वेगळा ठेवावा लागतो, त्यामुळे मर्यादा 4 चीच राहते. दुसरं, तुमचं सॉफ्टवेअर दोन कार्डं वापरतं का? डाविंची रिझॉल्व्हची फ्री आवृत्ती विंडोजवर एकच कार्ड कामाला लावते, जास्त हवी असतील तर पैसे भरून स्टुडिओ घ्या. फोटोशॉपलाही दुसऱ्या कार्डाचा उपयोग नाही. गेमिंगसाठीची एसएलआय जोडणी 2004 ची, पण एनव्हिडियानं 1 जानेवारी 2021 पासून आरटीएक्स 20 आणि त्याआधीच्या कार्डांना नवीन एसएलआय प्रोफाइल देणं बंद केलंय. म्हणजे गेमिंग कॅफे टाकायचा विचार असेल तरी हाच हिशोब.

एक काम मात्र आहे जिथे जोडी खरंच चालते: ब्लेंडरमधलं सायकल्स रेंडर. थ्रीडीची ऑर्डर हातात असेल आणि सीन 4 जीबीत बसत असेल, तर विचार करा. लग्नाच्या व्हिडिओला नाही.

मग त्याचं काम अडत कुठे होतं? पीसी उघडला, टाइमलाइन चालवली आणि बाजूला टास्क मॅनेजर लावला. फुटेज नवीन कॅमेऱ्याचं, एच.265. आणि 970 मध्ये या फॉरमॅटचं पूर्ण हार्डवेअर डिकोडिंगच नाही. सगळा भार प्रोसेसरवर. असली दोन काय, चार कार्डं लावली तरी व्हिडिओ अडकणारच ना! वरून 145 वॅटचं एक कार्ड, रोज 8 तास पूर्ण लोडवर चाललं तर दिवसाला 1 युनिटहून जास्त वीज. आणि कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर कोळशाच्या धुळीचा थर. खाणीजवळ दुकान म्हटल्यावर हे असणारच, महिन्यातून एकदा ब्लोअर मारत जा.

त्याला सांगितलं, थांबायचं, पण नुसतं बसून नाही. रात्री झोपताना सगळ्या फुटेजच्या प्रॉक्सी बनवायला लाव, म्हणजे हलक्या कॉपी. दिवसभर त्यावर एडिट कर, फायनल रेंडर मूळ फाइलवरून घे. याला एक रुपया लागत नाही. त्याच रात्री केलं, सकाळी फोन आला, "सर, टाइमलाइन अडकत नाही."

थांबण्याला आकडा आणि तारीख पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर त्याच्याकडे 12 ऑर्डर आहेत. प्रत्येकातून 1,500 वेगळे काढले की 18 हजार होतात. कार्ड घेताना एच.265 10-बिट डिकोडिंग, किमान 8 जीबी आणि आपल्या सप्लायवर चालणारं, एवढं बघायचं. जीएसटी नोंदणी रेग्युलर असेल तर पक्कं बिल घ्या, 18 टक्के क्रेडिट मिळतं. ओळखीच्याकडून विनाबिल घेतलेल्या जुन्या कार्डावर ते नाही. खूप स्वस्त जुनं कार्ड दिसलं तर आधी विचारा, मायनिंगला चाललेलं आहे का. 2022 च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर अशी कार्डं बाजारात भरपूर आली.

साडेसहा हजारातले काही त्यानं एसएसडीत घातले. उरलेले डब्यात आहेत, डब्यावर मार्करनं "कार्ड" लिहिलंय. पहिलं लग्न 2 आठवड्यांनी आहे.