तातामी : जपानी घरांतील चटई

जपानांत खोलीचें माप चटयांच्या संख्येनें सांगण्याची जुनी रीत आहे. ‘सहा तातामींची खोली’ म्हटलें कीं ऐकणारास तिचा विस्तार कळतो. परंतु ही चटई आपल्या चटईप्रमाणें गुंडाळतां येत नाहीं. भाताच्या पेंढ्याचे थर दाबून व शिवून सुमारें 5 सेंटिमीटर जाडीची बैठक करतात. तिजवर लव्हाळ्यासारख्या ‘इगुसा’ नांवाच्या वनस्पतीचें विणलेलें आच्छादन ताणून बसवितात व लांब बाजूंस कापडी किनार शिवतात.

आच्छादन झिजलें कीं कारागीर तें उलटून लावतो. दुसरी बाजूही झिजली म्हणजे नवें घालतो. बैठक मात्र तीच राहते.

अलीकडे घरोघर लाकडी जमिनी आल्या, चीनमधून स्वस्त आच्छादनें आलीं, आणि इगुसाचें आगर जो कुमामोतो प्रांत, तेथील शेतकरी घटले. 2020 सालीं युनेस्कोनें जपानी लाकडी वास्तूंच्या रक्षणाच्या परंपरागत विद्यांस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. तींत तातामीची कलाही आहे. पण मानानें कारागिराचें पोट भरत नाहीं. म्हणून कांहीं कारागीर बिनकिनारीच्या चौकोनी तातामी करतात, कोणी कागदी धाग्यांचें आच्छादन वापरतात. यानें कारागीर तगेल. इगुसाचा शेतकरी तगेलच असें नाहीं.

वाचकहो, झिजलेलें बदलावें व आधार राखावा, हें तातामीच आपणांस शिकविते. आधार कोणता, हें मात्र ज्याचें त्यानेंच ओळखिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.